जनावरांच्या साथी आणि रोगांचीं नांवें

नागपूरच्या मिहानमध्यें विमानतळाशेजारीं कारखाने उभे राहिले व २०२२ सालीं एम्स रुग्णालयाचें लोकार्पण झालें. तथापि आसपासच्या गांवांत गोठे अद्याप आहेत, आणि जनावर आजारी पडलें म्हणजे तेथें पहिला प्रश्न निघतो तो रोगाच्या नांवाचा.

आपलीं जुनीं नांवें मोठीं बोलकीं आहेत. घसा सुजतो तो घटसर्प. लाळ गळून खुरांत जखमा होतात तो लाळ्या-खुरकत. परंतु नांव एका लक्षणापाशीं थांबलें तर उपायहि तेथेंच थांबतो. हगवण अनेक रोगांत लागते. म्हणून बुळकांड्याच्या निर्मूलनांत हगवण, तोंडांतील व्रण आणि डोळ्या-नाकांतील स्राव हीं लक्षणें एकत्र पाहून शोध घेतला गेला. २००६ सालीं भारत व २०११ सालीं सारें जग त्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें.

२०२२ सालीं महाराष्ट्रांत पसरलेल्या लम्पी चर्मरोगानें हाच धडा पुन्हां दिला. 'चर्मरोग' म्हटल्यानें कातडीचेंच दुखणें वाटतें. परंतु त्यांत ज्वर येतो, दूध आटतें, आणि चावऱ्या माशा, डांस व गोचीड तो पसरवितात. तेव्हां गांठींवर लेप लावून भागत नाहीं. आजारी जनावर वेगळें बांधून गोठ्यांतील कीटक आवरले पाहिजेत. गाईला शेळीच्या देवीची लस कां, ही शंकाहि नांवामुळेंच उपजते. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळांतील असल्यानें ती लस गाईस उपयोगी पडते. हा रोग माणसास होत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

शास्त्रीय नांवास कायद्याचेंहि बळ असतें. सप्टेंबर २०२२ मध्यें राज्य 'नियंत्रित क्षेत्र' ठरलें आणि गुरांच्या बाजारांवर व वाहतुकीवर निर्बंध आले. २००९ च्या कायद्यान्वयें अनुसूचींतील सांसर्गिक रोगाचा संशय येतांच खबर देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. नांवाच्या घोळांत गेलेले दोन-चार दिवस शेजाऱ्याच्या गोठ्यासहि भोंवतात.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, पशुवैद्यास केवळ 'देवी आली' असें सांगूं नये. ज्वर केव्हां आला, गांठी कोठें आहेत, किती जनावरें आजारी आहेत, नवें जनावर कधीं आणलें, हें सांगावें. पशुवैद्यांनींहि शास्त्रीय नांव उच्चारून न थांबतां रोग कसा पसरतो तें सोप्या मराठींत समजावावें. रोगाचें नांव ठरविणें त्यांचें काम. डोळ्यांनीं पाहिलेलें वेळेवर सांगणें आपलें.