रक्ततपासणीत न सापडणारी जखम

हिवतापाचे जंतू रक्तात दिसतात. मोडलेले हाड क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसते. पण युद्धावरून परतलेला धडधाकट सैनिक रात्री किंचाळून उठतो, फटाका वाजताच जमिनीवर आडवा पडतो, तेव्हा त्याची जखम शोधायची कशी? अमेरिकी सैन्यात हे कसे करतात ते आपण पाहू.

पहिल्या महायुद्धात या अवस्थेला 'शेल-शॉक' म्हणत. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट'मधील लेखात हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला हादरा बसतो, अशी तेव्हा समजूत होती. पण स्फोटाजवळ नसलेल्यांतही तीच लक्षणे आढळू लागली. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'आघातोत्तर ताणविकार' हे नाव दाखल झाले.

निदान कसे होते?

लक्षणांचे चार गट आहेत. प्रसंग पुन:पुन्हा नकोसा आठवणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार व भावना खिन्न होणे आणि सतत सावध, दचकत राहणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि जगणे अवघड झाले, तरच हा विकार मानतात. प्रथम २० प्रश्नांची यादी देतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले की विकाराची शक्यता धरतात. मात्र ही केवळ चाळणी झाली. खरे निदान तज्ज्ञाने घेतलेल्या सविस्तर मुलाखतीतून होते.

म्हणजे पुरावा काय, तर सैनिकाचे शब्द! आणि निदानावर उपचार व भरपाई दोन्ही अवलंबून. त्यामुळे वाद होतात. 'व्यक्तिमत्त्वातील दोष' असा शिक्का बसला, तर दोष भरतीपूर्वीचाच ठरतो आणि भरपाई हुकते. इराक व अफगाणिस्तान युद्धांच्या काळात असा शिक्का मारून हजारो सैनिकांना घरी पाठवल्याबद्दल मोठी टीका झाली. २०१० साली माजी सैनिक विभागाने पुराव्याचे नियम सैल केले.

गोळ्या काय करतात?

सर्ट्रालिन व पॅरॉक्सेटिन ही दोनच औषधे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकारासाठी खास मान्य केली आहेत. दोन चेतापेशींमध्ये निरोप नेणारे सिरोटोनिन हे रसायन पेशी परत शोषून घेतात. हे शोषण ही औषधे रोखतात. पण त्यांनी आठवण पुसली जात नाही, फक्त तिची धार कमी होते. तीही सर्वांमध्ये नाही.

प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाची कथा बोधप्रद आहे. दु:स्वप्नांवर ते गुणकारी वाटत होते. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३०० माजी सैनिकांवरील चाचणीत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गोळ्या तर देऊ नयेत, असेच सैन्याची मार्गदर्शिका सांगते. त्यांची सवय लागते.

२०२३ च्या मार्गदर्शिकेत पहिले स्थान औषधांना नव्हे, तर संवादोपचाराला आहे. यात तज्ज्ञाच्या सोबतीने सैनिक ती आठवण पुन:पुन्हा उलगडतो, टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरा जातो. 'आता धोका नाही' हे मेंदू नव्याने शिकतो.

शिकवणे हे आपलेच क्षेत्र. भीती जशी शिकली जाते, तशी ती ओसरणेही शिकावे लागते. त्याला वेळ लागतो आणि ऐकणारे माणूस लागते.