आजोबांची आरएक्स आणि दहा हजार रुपये

आमच्या बेळगावच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात भाताची पोती, माझा जुना पाळणा आणि आजीचं बंद पडलेलं शिलाई मशीन असतं. या सगळ्याच्या मागे, ताडपत्रीखाली, आजोबांची यामाहा आरएक्स १०० अकरा वर्षं उभी होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती बाहेर काढली. ती चालू कशी झाली, माझ्याच चुकीने पुन्हा बंद कशी पडली आणि हे सगळं दहा हजारांत कसं बसवलं, ते इथे सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या गावी अशी एखादी गाडी कोपऱ्यात उभी असेल, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आजोबा सैन्यात ईएमईमध्ये हवालदार होते, व्हेइकल मेकॅनिक. १९९३ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी नवी घेतली. आता ते ७७ वर्षांचे आहेत आणि त्यांचे हात थरथरतात. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. म्हणून आमचं ठरलं की डोकं त्यांचं आणि हात माझे. पेन्शनमधले दहा हजार रुपये त्यांनी एका लिफाफ्यात घालून दिले. म्हणाले, "एवढ्यातच बसवायचं. परत मागायला आलास तर गाडी भंगारात."

आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. इंजिन फक्त ९८ सीसीचं, पण ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. त्यामुळे ती त्या काळच्या दुसऱ्या शंभर सीसी गाड्यांना सहज मागे टाकायची. ती टू-स्ट्रोक आहे, आणि माझी पुढची फजिती कळण्यासाठी टू-स्ट्रोक म्हणजे काय ते आधी समजून घ्यायला हवं.

आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवलेलं असतं आणि तेच आतल्या भागांवर फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची खोली रिकामी ठेवावी लागते, कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. तिथे ऑइल साठवता येत नाही. ते पेट्रोलबरोबरच आत जातं, पिस्टनला वंगण देतं आणि जळून जातं. निळसर धूर दिसतो तो त्याचाच. जुन्या स्कूटरच्या टाकीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचे. आरएक्समध्ये बाजूच्या पॅनेलमागे ऑइलची वेगळी टाकी आहे आणि इंजिनावर एक छोटा पंप. ॲक्सिलरेटरची केबल पुढे दोन वाटांनी जाते, एक कार्ब्युरेटरला आणि एक या पंपाला. जेवढा ॲक्सिलरेटर पिळाल, तेवढं ऑइल जास्त. या व्यवस्थेला यामाहाने ऑटोल्यूब असं नाव दिलं आहे.

मी पहिल्याच संध्याकाळी यादी केली होती: रंग, स्टिकर, नवा क्रोमचा सायलेन्सर. आजोबांनी ती वाचली आणि उलटी करून ठेवली. "आधी फिरते काय बघू. मग थांबते काय बघू. मग पैसे उरले तर रंग." (आमच्या बेळगावात प्रश्न 'काय'नेच संपतो.)

फिरत तर नव्हतीच. किक दगडासारखी घट्ट. अशा वेळी किकवर उभं राहून जोर लावला तर आतलं काहीतरी तुटतं. आम्ही प्लग काढून त्या भोकातून निम्मं डिझेल आणि निम्मं इंजिन ऑइल ओतलं आणि तीन दिवस गाडीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातांनी हळूहळू पुढेमागे हलवलं. अर्ध्या तासाने 'टक्' असा आवाज आला आणि चाक एक वीतभर फिरलं. आजीला वाटलं मी पडलो, एवढ्या जोरात ओरडलो होतो.

मग सिलिंडर उतरवला. जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने झटकन झिजतात आणि मग निघतच नाहीत. वर हातोडीने ठोकला की आपोआप वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर शेजारच्या गॅरेजमधून दोन दिवस मागून आणला. पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरच्या नळीत कोळशाचा थर होता, तो खरवडला. आजोबांनी सिलिंडरच्या आत नख फिरवलं. हात थरथरत होता, पण नखाला चरा लागला तर तो कळतोच, असं ते म्हणाले. चरा नव्हता. बोअर चांगला होता. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे ती मला फार लागणार आहे.

मॅग्नेटोच्या मागे क्रँकचं रबरी ऑइल सील असतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की हे सील कडक होतं आणि तिथून हवा आत शिरते. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त आणि इंजिन तापतं. दुसऱ्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. दोन्ही सील काही फार महाग नसतात, पण ते न बदलता गाडी चालवली तर सिलिंडर जाऊ शकतो.

टाकी आतून पूर्ण गंजली होती. पाच लिटर पांढरं व्हिनेगर आणि मूठभर नट-बोल्ट आत टाकले, दोन दिवस ठेवलं आणि अधूनमधून हलवलं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, कारण आम्ल आत राहिलं तर पुन्हा गंज चढतो. उन्हात वाळवून लगेच थोडं टू-टी ऑइल फिरवलं. घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास होता. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर बसला होता. त्यातले जेट पितळेचे असतात. टाचणी घातली तर भोक मोठं होतं, म्हणून विजेच्या वायरमधली एक तांब्याची तार काढून तिने साफ केले. याच कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि पैसे सगळ्यात कमी लागले.

टायरवर मात्र काटकसर नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर २३०९ होतं, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीसारखी होती, पण कडांना बारीक भेगा. दोन्ही टायर, ट्यूब, दोन्ही चाकांचे ब्रेक शू आणि तिन्ही केबल नव्या घातल्या. वायरिंग उंदरांनी दोनच ठिकाणी कुरतडलं होतं, ते मल्टिमीटर लावून सापडलं.

आतापर्यंतचा हिशोब असा: टायर-ट्यूब ३,३००, ब्रेक शू ५००, केबल ५५०, बॅटरी ९५०, कार्ब्युरेटर किट ३८०, सील आणि गॅस्केट ६२०, प्लग आणि ऑइल ७५०, व्हिनेगर, रॉकेल, पॉलिश पेपर वगैरे ४००. एकूण ७,४५०. लिफाफ्यात २,५५० रुपये शिल्लक होते आणि मी मनातल्या मनात टाकी रंगवत होतो.

सुट्टी संपायला पाच दिवस होते. आजोबा बाबांबरोबर डोळे तपासायला गेले होते. सगळं जोडून झालं होतं. ते परत येताना गाडीचा आवाज फाटकातच त्यांच्या कानावर पडावा, असं माझ्या डोक्यात आलं. ऑइलच्या टाकीत ऑइल भरलं, पेट्रोल भरलं आणि किक मारली. सातव्या किकला सुरू झाली! तो आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही. मी स्टँडवरच ॲक्सिलरेटर देत राहिलो. चार-पाच मिनिटांनी आवाज जड झाला, एक 'कीऽऽ' असा बारीक चीत्कार आला आणि इंजिन जागीच बंद पडलं. किक पुन्हा दगडासारखी घट्ट.

पहिला विचार आला तो ताडपत्री टाकून गप्प बसायचा. खोटं कशाला लिहू? पंधरा मिनिटं मी तो विचार करत शेडमध्ये बसलो होतो. मग आजोबा आले आणि मी सांगितलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पंपातली हवा काढलास काय?"

नव्हती काढली. ऑइलची टाकी अकरा वर्षं कोरडी होती, त्यामुळे नळीत आणि पंपात नुसती हवा होती. टाकी काठोकाठ भरली तरी तो छोटा पंप हवेलाच ढकलत बसतो, ऑइल पुढे सरकत नाही. पंपावर एक स्क्रू असतो. तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यायचं, मग बंद करायचा. शिवाय पहिल्या वेळी पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळायचं, म्हणजे नळी भरेपर्यंत पिस्टन उपाशी राहत नाही. हे त्यांनी मला दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून.

सिलिंडर पुन्हा उतरवला. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसाच्या जाडीहूनही कमी फट असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरची आतली भिंत लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं. मध्ये ऑइलचा थर नसेल तर पिस्टन भिंतीला घासतो, वितळतो आणि चिकटतो. आमच्या पिस्टनच्या एका बाजूला बोटभर रुंदीचा ओरखडलेला चंदेरी पट्टा होता. आजोबांनी पुन्हा नख फिरवलं. या वेळी ते अडकलं. ते रागावले नाहीत. पिस्टन माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आमच्या वर्कशॉपमध्ये असा एक खिळ्याला टांगलेला असायचा. तूही टांग."

दुसऱ्या दिवशी सिलिंडर पिशवीत घालून मी सायकलवरून उद्यमबागेत गेलो. बेळगावात फाउंड्री आणि लेथची कामं पिढ्यान् पिढ्या चालतात, त्यामुळे बोअर करून देणारा शोधावा लागला नाही. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. ओरखडे जाण्यासाठी तो ५०.५० पर्यंत वाढवला आणि त्याच मापाचा पिस्टन घेतला. आधी पिस्टन घेऊन जायचा, मग त्याचं माप घेऊन बोअर करायचा, असा क्रम असतो. पिस्टन किट १,४५०, बोअरिंग ४५०, पिस्टन पिनचं बेअरिंग २७०, गॅस्केट १८०. एकूण २,३५० रुपये. लिफाफ्यात २०० रुपये उरले आणि रंग गेला.

जोडणी दिवाळीच्या सुट्टीत केली. हवा काढताना आजोबा खुर्चीवर बसून प्रत्येक बुडबुडा मोजत होते. चौतीस झाले. लिटरमागे ३० मिली ऑइल पेट्रोलमध्ये टाकलं आणि तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. मी पाच मिनिटांत बंद केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा सुरू केलं. असं दिवसभर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आमची मुदत केव्हाच संपली होती. बाबांनी फॉर्म २५ भरला, उशिराचा दंड, विमा आणि पीयूसी हे सगळं वेगळ्या खिशातून केलं, आणि आरटीओत गाडी तपासून घेतली. पालकांसाठी हेही लिहितो की मी ही गाडी रस्त्यावर एक फूटसुद्धा चालवलेली नाही. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर कायद्याने पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या लिफाफ्यात तर २०० रुपयेच होते.

शाळेत परतण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी गाडी बाहेर काढली आणि आजोबा मागे बसले. टाकीवर अजून जुनाच रंग आहे, उडालेला, एका बाजूला पोचा. ते रेल्वे गेटपर्यंत जाऊन आले. मी फाटकात उभा होतो. आजोबा उतरले आणि हेल्मेटही न काढता म्हणाले, "तिसऱ्या गिअरला जरा अडखळते. कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घे."

अंधार पडला होता आणि माझी ट्रंक भरायची राहिली होती. क्लिप उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलेन.