लोणारचे विवर आणि माणसाचे हात

भूगोल वेगळा आणि इतिहास वेगळा, असे आपल्याला शाळेत शिकवले जाते. ही विभागणी मला मान्य नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तिच्याविरुद्ध साक्ष देते.

दख्खनच्या काळ्या पाषाणावर अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. आर्गॉन कालमापनानुसार ही घटना सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची. उडालेला दगडचुरा भोवती पडून काठ उंचावला. ईशान्येच्या 'धारे'च्या पाण्याने त्या काठात घळ कापली. खाली उतार संपतो तिथे पाण्याचा जोर ओसरतो. म्हणून वाहून आलेला गाळ पंख्याच्या आकारात पसरला. सरोवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. ते वाफ होऊन उडते आणि क्षार मागे उरतात.

इथवर निसर्गाचे काम. याच गाळाच्या पंख्यावर, गोड्या पाण्याच्या आधाराने, माणसाने शेती केली. पाषाण फोडून काठावर आणि पोटात देवळे उभी केली. उन्हाळ्यात काठावर उघडा पडणारा क्षार गोळा केला. काच आणि साबण यांना लागणारा माल येथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त आहे. म्हणजे सरकारदरबारी मालाची नोंद झाली. खाऱ्या चिखलात उभे राहून तो काढणाऱ्यांची जात कोणती, मजुरी किती, हे कोण सांगणार?

पुराणाने तर याहून सोपा मार्ग काढला. लवणासुर नावाचा दैत्य येथे राहत होता, विष्णूने त्याला मारले; गावातील दैत्यसूदन मंदिर त्याच विजयाचे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथांच्या मागे जिंकणारे आणि हरणारे शोधायला शिकवले. लवणासुर खरोखर होऊन गेला असे माझे म्हणणे नाही. परंतु या कथेत अशनीला जागा नाही आणि श्रमिकालाही नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

२००० साली येथे अभयारण्य झाले, २०२० साली रामसर यादीत नाव आले. विवरातील शेतीही थांबली. संरक्षण हवेच. मात्र ज्यांच्या हातांनी ही भूमी घडली त्यांना केवळ 'अतिक्रमण' या शब्दात गुंडाळू नये.

शिक्षक मित्रांनो, विद्यार्थ्यांना लोणारला न्याल तेव्हा अशनी जरूर सांगा. नंतर देवळाच्या एका चिऱ्यावर हात ठेवायला लावा आणि विचारा : हा चिरा कोणी घडवला, आणि त्याला आत प्रवेश होता का?