कमान तीच, खण वेगळे

उत्तर इटलीतील विचेन्झा या शहरी मी गेलो तो स्वतःची एक चूक तपासायला. आंद्रेआ पाल्लादिओच्या ‘बाझिलिके’चे सर्व खण समान आहेत, असे मी पूर्वी एका लेखात ठामपणे लिहिले होते. आधार त्याच्याच १५७० च्या ग्रंथातील आराखड्याचा. वास्तुशास्त्र मी कोठे रीतसर शिकलो नाही. आले ते पुस्तकांतून. लेख वाचून एका वाचकाने पत्रातून विचारले, ‘तुम्ही मोजलेत का?’

सकाळी पादुआहून आगगाडीने आलो आणि थेट प्यात्सा देई सिन्योरी हा चौक गाठला. येथील बाझिलिका म्हणजे चर्च नव्हे. प्राचीन रोममधील सार्वजनिक सभागृहाचे हे नाव पाल्लादिओने विचेन्झाच्या पंधराव्या शतकातील नगरसभागृहाला दिले. त्याभोवतीच्या दुमजली कमानी १४९६ मध्ये अंशतः कोसळल्या. नामवंतांचे सल्ले घेऊन झाले आणि १५४९ मध्ये काम मिळाले ते पाल्लादिओला. म्हणजे एका गिरणीवाल्याच्या मुलाला, पाथरवट म्हणून हात बसलेल्या माणसाला.

अडचण अशी, की जुनी इमारत काटकोनात नव्हती, तिचे खणही लहानमोठे होते आणि ती पाडायची नव्हती. पाल्लादिओने प्रत्येक खणात मधोमध कमान घेतली आणि तिच्या दोन्ही अंगांना खांब लावून अरुंद चौकोनी मोकळी जागा सोडली. कमानीची रुंदी सगळीकडे तीच. खण लहानमोठा झाला की फरक पडतो तो बाजूच्या जागेत. मी पावलांनी मोजत गेलो. कोपऱ्यावरच्या खणात ती जागा स्पष्टच आक्रसली आहे. पण नजर कमानीवरून कमानीवर जाते, म्हणून फरक जाणवत नाही.

दुपारी समोरच्या लोज्जा देल कापितानियातोपाशी थांबलो. १५७१-७२ मध्ये बांधलेल्या या इमारतीचे भव्य अर्धस्तंभ विटांचे आहेत. पाल्लादिओचे वैभव बरेचदा वीट आणि गिलाव्याचेच असते. बाझिलिकेच्या कमानी मात्र खऱ्या दगडाच्या. पाल्लादिओ १५८० मध्ये वारला, त्यांचे काम संपले १६१७ मध्ये.

ग्रंथात त्याने इमारत जशी असायला हवी तशी काढली. चौकात, जागेने जेवढे करू दिले तेवढे केले. त्याने फसवले नाही. आदर्श आराखडा मीच मोजमाप म्हणून वाचला.

त्या वाचकाला उत्तर द्यायचे राहिले होते, ते आता देतो: मोजले. खण समान नाहीत.