लेकुरवाळे ग्राहक आणि आपले दुकान

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे सांगितले जाते. थकलेला प्रवासी येथे थांबे, दम खाई आणि ताजा घोडा घेऊन पुढे जाई. आज त्याच गावच्या बाजारात, कडेवर मूल घेऊन आलेल्या आईला घटकाभर टेकायला जागा मिळते काय? व्यापारी बांधवांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. यात माणुसकी आहे, तसा धंद्याचा हिशेबही आहे.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येथे आली. अनेक घरांतील कमावता माणूस पहाटेच्या लोकलने ६८ किलोमीटर दूर मुंबई गाठतो. किराणा, कापड, औषधे आणायला मग आईच निघते. मूल ठेवायचे कोणापाशी? ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेरुळांवर उतरले. त्या गावात आईबापांनी मूल नजरेआड करू नये, यात नवल ते काय?

पुणे महापालिकेने ‘अर्बन ९५’ या उपक्रमात भाग घेतला. ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाची साधारण उंची. तेवढे खाली वाकून आपली पेठ पाहावी. तोंडासमोर दुचाकीचा धूर, पायाखाली गटाराची फुटकी फरशी, आणि फुटपाथवर आपलाच माल! त्या मालामुळे मूल रस्त्यावर ढकलले जाते.

उपाय अवघड नाहीत. माल उंबऱ्याच्या आत घ्यावा. एक बाकडे आणि पिण्याचे पाणी ठेवावे. दुकानाच्या कोपऱ्यात पडदा लावला, तर आईला बाळाला पाजता येते. पायरीवर उचलती उतरंड ठेवावी. चार इंच उंचीला चार फूट लांबीची फळी लागते, त्याहून आखूड फळीवर बाबागाडी घसरते. काम झाले की फळी आत घ्यावी, म्हणजे रस्ता अडत नाही.

अशा फळ्या, बाकडी, पाळणे करणारे सुतार आणि पडदे शिवणारे शिंपी आपल्यातच आहेत. त्यांनी नमुने तयार ठेवावेत. नवे काम मिळेल.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. आपल्या दुकानांत पाच-दहाच माणसे. तेव्हा सक्तीची वाट न पाहता, दहा दुकानदारांनी मिळून एक खोली आणि एक विश्वासू बाई ठेवावी. तिची नीट चौकशी करावी, दार उघडे राहील असे पाहावे. खोलीचा लाभ दुकानात राबणाऱ्या आयांनाही व्हावा.

ईदच्या खरेदीला आलेले मूल रडू लागले की आई अर्धी यादी तशीच ठेवून घरी परतते. ती उरलेली अर्धी यादी आपल्याच गल्ल्यातून गेलेली असते.