संगणकाच्या भाषेची नवी आवृत्ती

'पुणे' या शब्दात अक्षरे किती, असा प्रश्न मराठी दुसरीतील मुलास विचारला, तर तो क्षणाचाही विलंब न लावता 'दोन' असे सांगेल. हाच प्रश्न पायथन नावाच्या संगणकभाषेस विचारला असता तिच्या दुसऱ्या आवृत्तीकडून सामान्यतः 'बारा' असे उत्तर मिळे. २००८ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीकडून 'चार' असे मिळू लागले. स्विफ्ट नावाची आणखी एक भाषा आहे, ती मात्र शाळेतील मुलाप्रमाणे 'दोन' असेच सांगते. या तीन उत्तरांपैकी एकही चुकीचे नाही. आणि त्यांतील पहिल्या उत्तरावरून दुसऱ्यावर येण्यास पायथनच्या जगाला दहा वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. एखाद्या संगणकभाषेची नवी मोठी आवृत्ती रचणे हे काम किती नाजूक असते, याची कल्पना या एका शब्दावरून येऊ शकेल.

प्रथम हे आकडे कसे उद्भवतात ते पाहणे इष्ट आहे. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीतील प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक आहे. प, उकार, ण आणि एकार अशी 'पुणे' या शब्दाची चार चिन्हे होतात. ही चिन्हे साठविण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांची जागा व्यापते, म्हणून बारा. काना-मात्रा-उकारासह उच्चारले जाणारे अक्षर एकच धरावे, ही आपली रीत, म्हणून दोन. युनिकोडमधील देवनागरी चिन्हांचा अनुक्रम मुळात 'इस्की' या भारतीय संकेतावरून घेतलेला आहे. भारतीय मानक म्हणून त्याचे रूप १९९१ साली ठरले, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे तंत्र कानपूरच्या आय. आय. टी.त जन्मले, ते पुढे गणेशखिंडीतील सी-डॅक या संस्थेत वाढले. ही संस्था १९८८ सालची.

आता भाषेकडे वळू. संगणकास द्यावयाच्या आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली, आणि ती ज्या नियमबद्ध लिपीत लिहावयाची ती संगणकभाषा. बोलीभाषेशी तिचे साम्य आहे खरे, परंतु एका बाबतीत दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर पडते. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक चौदा नियम स्वीकारले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार लेखनातून गेले. 'पुणें'चे 'पुणे' झाले. वाद पुष्कळ झाले. पण त्यामुळे आजोबांची पत्रे नातवास वाचता येईनाशी झाली, असे घडले नाही. मनुष्य वाचताना चूक पोटात घालतो, जुने वळण ओळखतो, अर्थ लावून पुढे जातो. यंत्राजवळ हा समंजसपणा नाही. त्याच्या लेखी 'पुणें' ही पाच चिन्हे व 'पुणे' ही चार. सबब ते दोन निराळे शब्द होत. नियमातील एक टिंब हलले की जुनी आज्ञावली एकतर चालेनाशी होते, किंवा, जे अधिक वाईट, ती चालते पण भलतेच उत्तर देते.

म्हणून भाषा रचणाऱ्यापुढे नेहमी एक पेच उभा असतो. पहिल्या आवृत्तीतील दोष वापरानेच उघड होतात. पण वापर वाढला म्हणजे ते दोष दुरुस्त करण्याची किंमतही वाढते. ज्या भाषेकडे कोणी फिरकत नाही तिची सुधारणा फुकट होते!

या पेचातून निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे मार्ग काढले. स्वित्झर्लंडमधील निकलाउस विर्थ यांचा मार्ग सर्वांत धीट म्हणावा लागेल. १९६० च्या अल्गॉल या भाषेची पुढील आवृत्ती कशी असावी, याचा विचार एक आंतरराष्ट्रीय समिती करीत होती. विर्थ यांनी टोनी होर यांच्यासह सुटसुटीत अशी योजना मांडली. ती १९६६ साली प्रसिद्धही झाली. समितीने मात्र अधिक महत्त्वाकांक्षी मार्ग पसंत केला. त्यातून निघालेले अल्गॉल ६८ इतके गहन झाले की समितीतील कित्येक सभासदांनीच आपले मतभेदपत्र जोडले. विर्थ त्यापूर्वीच बाहेर पडले होते. त्यांनी १९७० साली पास्कल ही आपली स्वतंत्र भाषा प्रसिद्ध केली.

पास्कलचा प्रसार ज्या युक्तीने झाला तिच्याशी पुण्याचे नाते आहे. प्रत्येक जातीच्या संगणकासाठी भाषांतर करणारी आज्ञावली नव्याने लिहावी लागे, हे मोठे जिकिरीचे काम. झुरिकच्या मंडळींनी एक काल्पनिक यंत्र कल्पिले आणि पास्कलचे भाषांतर त्या यंत्राच्या साध्या आज्ञांत करणारी आज्ञावली, पास्कलमध्येच लिहून, सर्वांस देऊ केली. ज्याने त्याने आपल्या संगणकावर ते काल्पनिक यंत्र तेवढे वठवावे, म्हणजे पास्कल चालू लागे. या कामाच्या टिपणावर ज्यांची नावे आहेत त्यांत के. व्ही. नोरी हे एक. पुढे कानपूरला अध्यापन करून ते पुण्यास आले आणि हडपसर येथील टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या, १९८१ साली स्थापन झालेल्या, संस्थेत काम करू लागले. आज्ञावल्या पारखणारी व रचणारी साधने निर्माण करणे हा तेथील संशोधनाचा एक प्रमुख विषय होऊन बसला.

पास्कल निर्दोष नव्हती. तीत यादीची लांबी हा यादीच्या जातीचाच भाग मानलेला असे. परिणामी दहा नावे वर्णानुक्रमे लावण्यासाठी लिहिलेली कृती वीस नावांस चालत नसे. वाण्याने दहा जिनसांची एक वही आणि वीस जिनसांची दुसरी वही ठेवावी, व दोहोंची बेरीज करण्यास निराळे कारकून नेमावे, तसला हा प्रकार. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात यावर तोड काढण्यात आली. पण ती सर्व भाषांतरकारांवर बंधनकारक नव्हती. विर्थ यांनी स्वतः काय केले? जुन्या भाषेची डागडुजी करीत न बसता त्यांनी मॉड्युला-२ व नंतर ओबेरॉन अशा नव्या नावांच्या भाषाच रचल्या. नाव नवे असल्यामुळे कोणाची फसगत झाली नाही. तथापि पास्कल लिहिणारे सगळेच त्यांच्यामागून गेले, असेही झाले नाही.

पायथनच्या चालकांनी नाव तेच ठेवले व नियम बदलले. बदलास कारणही तसेच सबळ होते. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर आणि नुसते बाइट यांची सरमिसळ करता येत असे. रोमन अक्षरे असेतो सर्व सुरळीत चाले. एखाद्या गिऱ्हाइकाचे नाव देवनागरीत आले की तीच आज्ञावली एकाएकी बंद पडे. अर्थात् इंग्रजी जाणणाऱ्या कर्त्यास हा दोष कधी दिसतच नसे, आणि मराठी, तमिळ, जपानी लोकांस तो पदोपदी भोवे. तिसऱ्या आवृत्तीने दोहोंमध्ये भिंत घातली. ही गोष्ट न्याय्यच झाली.

परंतु तपशिलात चुका झाल्या. मजकुरापूर्वी 'यू' हे अक्षर लावण्याची जुनी खूण अनावश्यक ठरवून काढून टाकण्यात आली. त्यामुळे एकच आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांत चालविणे विनाकारण अवघड झाले. लोक एके दिवशी जुने घर सोडून नव्यात जातील, अशी चालकांची कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेकांस दोन्ही घरांचा संसार चालवावा लागला. शेवटी २०१२ साली ती खूण परत आणावी लागली. भागाकाराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सात भागिले दोन याचे उत्तर पूर्वी तीन येई, आता साडेतीन येते. शाळेच्या गणिताप्रमाणे नवेच बरोबर. पण पानांची संख्या अर्धी करणारी जुनी आज्ञावली आता साडेतिसरे पान शोधू लागते, आणि दोष निघतो तो भलत्याच ठिकाणी. छापण्याच्या आज्ञेस कंस लावणे सक्तीचे झाले, त्यावर लोकांनी अधिक आरडाओरड केली. वस्तुतः तो बदल निरुपद्रवी होता, कारण कंस विसरला तर यंत्र तत्काळ सांगते. मुकाट्याने अर्थ पालटणारा बदल हाच खरा घातक. दुसऱ्या आवृत्तीची मुदत प्रथम २०१५ पर्यंत होती, ती वाढवीत १ जानेवारी २०२० पर्यंत न्यावी लागली.

या अनुभवाकडे पाहून म्हणा, अगर स्वतंत्रपणे म्हणा, रस्ट या नव्या भाषेने निराळी वाट धरली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची. तीत आज्ञावलीचा प्रत्येक संच आपण कोणत्या सालचे नियम पाळतो हे आरंभीच नमूद करतो: २०१५, २०१८, २०२१ वा २०२४. भाषांतर करणारी आज्ञावली चारही नियम जाणते, आणि जुन्या व नव्या नियमांचे संच एकत्र नांदू शकतात. एकाच छापखान्यात सानुस्वार जुने पुस्तक आणि नव्या नियमांचे मासिक शेजारीशेजारी जुळविले जावे, तशी ही व्यवस्था होय. तिचा खर्च भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीवर पडतो; तिला जुने काहीच विसरता येत नाही.

आणि 'पुणे' या शब्दाची लांबी? रस्ट ती बारा अशी सांगते. चिन्हे मोजावयास सांगितले तर चार म्हणते. दोन हे उत्तर हवे असेल त्याने मात्र बाहेरून एक जादा संच आणून जोडावा लागतो.