प्लॅस्टिकांचे रासायनिक पुनश्चक्रण

टाकाऊ प्लॅस्टिकांतील बहुवारिकांच्या (अनेक लहान रेणूंच्या जोडणीने बनलेल्या प्रचंड रेणूंच्या) साखळ्या रासायनिक विक्रियांनी तोडून मूळची एकवारिके (साखळीचे घटक असलेले लहान रेणू) अथवा अन्य उपयुक्त रसायने मिळविणे व त्यांपासून नवे पदार्थ तयार करणे, या प्रक्रियेस रासायनिक पुनश्चक्रण म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१५ अखेरपर्यंत जगात सु. ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले व त्यापैकी सु. ६३० कोटी टन टाकाऊ बनले. या टाकाऊ भागापैकी केवळ ९% पुनश्चक्रित झाले, १२% जाळण्यात आले आणि ७९% भराव-भूमीत वा निसर्गात साचून राहिले.

प्रचलित यांत्रिक पद्धतीत प्लॅस्टिक निवडून, धुऊन व वितळवून पुन्हा घडविले जाते. ही पद्धत स्वस्त आहे परंतु प्रत्येक वितळणात उष्णता, ऑक्सिजन व आर्द्रता यांमुळे साखळ्या आखूड होऊन पदार्थाचे बल घटते. रंगद्रव्ये व इतर बहुवारिकेही त्यात मिसळलेली राहतात. रासायनिक पद्धतीत एकवारिकांचे शुद्धीकरण करता येत असल्याने त्यांपासून मूळच्याच प्रतीचे प्लॅस्टिक बनविता येते.

पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट : (पेट). शीतपेयांच्या बाटल्या व पॉलिएस्टर कापड यांत वापरले जाणारे हे बहुवारिक जे. आर. व्हिनफील्ड व जे. टी. डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये तयार केले. यातील एस्टर बंध बहुवारिकीकरणाच्या उलट दिशेने सहज तोडता येत असल्याने रासायनिक पुनश्चक्रणास ते विशेष अनुकूल आहे [⟶ बहुवारिकीकरण]. त्यासाठी पुढील विक्रिया वापरतात.

(१) ग्लायकॉली विच्छेदन : झिंक ॲसिटेटासारख्या उत्प्रेरकाच्या (विक्रियेत भाग घेऊनही कायम राहून तिची गती वाढविणाऱ्या पदार्थाच्या) सान्निध्यात पेट व जादा एथिलीन ग्लायकॉल सु. १८०°–२४०° से. तापमानास तापवितात. मिळणाऱ्या लहान रेणूंपासून पुन्हा पेट बनविता येते किंवा असंतृप्त पॉलिएस्टर रेझिने व पॉलियुरेथेन फेस तयार करता येतात. (२) मिथेनॉली विच्छेदन : उच्च दाबाखाली मिथेनॉलाच्या विक्रियेने डायमिथिल टेरेप्थॅलेट व एथिलीन ग्लायकॉल मिळतात. ही दोन्ही ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येत असल्याने रंगीत व मलिन मालही चालतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्जपोर्ट येथे या पद्धतीचा मोठा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. (३) जलीय विच्छेदन : यात टेरेप्थॅलिक अम्ल व एथिलीन ग्लायकॉल मिळतात. सैद्धांतिक दृष्ट्या १०० किग्रॅ. पेटपासून सु. ८६ किग्रॅ. अम्ल व ३२ किग्रॅ. ग्लायकॉल मिळते. बेरीज शंभराहून अधिक होण्याचे कारण तुटलेल्या प्रत्येक बंधाशी पाण्याचा एक रेणू जोडला जातो. क्षारकीय पद्धतीत प्रथम अम्लाचे लवण मिळते. ते खनिज अम्लाने विघटित करावे लागत असल्याने निरुपयोगी लवणांची भर पडते.

एथॅनॉलअमाइनाच्या विक्रियेने पेटपासून वस्त्रोद्योगास उपयुक्त रसायने मिळविण्यासंबंधी मुंबई येथील रासायनिक तंत्रविज्ञान संस्थेत एस. आर. शुक्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन केले आहे.

एंझाइमांचा (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनांचा) उपयोग अलीकडील आहे. जपानमधील साकाई येथील बाटल्यांच्या पुनश्चक्रण केंद्राजवळ आढळलेले, पेटवर जगणारे आयडिओनेला साकाएन्सिस हे सूक्ष्मजंतू २०१६ मध्ये वर्णिले गेले. २०२० मध्ये फ्रान्समधील तूलूझ येथील संशोधकांनी फेरफार केलेल्या एका वेगळ्या एंझाइमाने ७२° से. तापमानास १० तासांत पेटचे किमान ९०% विघटन साधले. मात्र त्यासाठी पेट आधी वितळवून झटकन थंड करावे लागते कारण स्फटिकमय भागावर एंझाइमाची क्रिया मंद असते.

इतर प्लॅस्टिके : नायलॉन-६ पासून कॅप्रोलॅक्टम हे एकवारिक परत मिळते. स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना येथे मासेमारीची टाकाऊ जाळी व गालिचे यांपासून ते मिळविण्याचा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट सु. ४००° से.च्या वर तापविल्यास बहुतांशी एकवारिकात रूपांतरित होते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांत कणा कार्बन-कार्बन बंधांचा असल्याने हवाविरहित तापनात साखळ्या कोठेही तुटतात आणि मेण, तेल व वायू यांचे मिश्रण मिळते. त्यात पॉलिव्हिनिल क्लोराइड मिसळलेले असल्यास हायड्रोजन क्लोराइड निर्माण होऊन यंत्रसामग्री गंजते.

मर्यादा : या पद्धतींना ऊर्जा, विद्राव व भांडवल अधिक लागते आणि खनिज तेल स्वस्त झाले की त्यांची किफायत घटते. तापनाने मिळालेले तेल इंधन म्हणून जाळल्यास त्यातील कार्बन पुन्हा पदार्थात येत नाही. म्हणूनच यूरोपीय संघाच्या २००८ च्या अपशिष्टविषयक निर्देशात इंधननिर्मितीचा समावेश पुनश्चक्रणाच्या व्याख्येत केलेला नाही. स्वच्छ, एकजिनसी मालास यांत्रिक पद्धत व त्या पद्धतीस अयोग्य अशा मालास रासायनिक पद्धत अशी विभागणी सामान्यतः उचित ठरते. दोन्हींचे यश टाकाऊ माल वेगवेगळा गोळा होण्यावर अवलंबून असते.